तहनामा आणि तापमान

हवामानबदलाचा दोष बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पदरी घालताना आपली दृष्टी त्यांच्या धुरांड्यांवर खिळून राहते. ज्या कागदांच्या आधारे या कंपन्या सरकारांना जाब विचारतात, ते मात्र दप्तरात दुर्लक्षित पडून असतात. 1994 साली लिस्बन येथे झालेला ऊर्जा सनद तह हा असाच एक कागद. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर पूर्वेकडील तेल आणि वायूच्या व्यवसायात पाश्चात्त्य भांडवल निर्धास्तपणे उतरावे, या हेतूने त्यात परकीय गुंतवणूकदारास यजमान राष्ट्राच्या न्यायालयाची पायरी न चढता थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे दावा लावण्याची मुभा देण्यात आली.

या मुभेचा उपयोग कसा झाला, हे इटलीने पाहिले. 2015 च्या अखेरीस तेथील संसदेने किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत तेलाच्या नव्या उत्खननास मनाई केली, तेव्हा ओंब्रिना मारे या तेलक्षेत्राचा मक्ता मागत असलेल्या रॉकहॉपर या ब्रिटिश कंपनीने लवादाकडे धाव घेतली, आणि 2022 साली 19 कोटी युरो व त्यावरील व्याज असा निवाडा पदरात पाडून घेतला. ही रक्कम झालेल्या खर्चाची नव्हे, तर तेल निघाले असते तर जो नफा झाला असता त्याच्या हिशेबाने ठरली होती! 2025 साली तो निवाडा रद्दबातल झाला. पण कारण पंचांपैकी एकाच्या नियुक्तीशी निगडित होते, समुद्राशी किंवा हवामानाशी त्याचा संबंध नव्हता. नेदरलँड्सने 2030 पासून कोळशावरील वीजनिर्मिती बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीने मागितलेली भरपाई तर सुमारे 140 कोटी युरोंची होती. तो दावा पुढे मागे घेतला गेला, ही गोष्ट निराळी.

सरकारने दिलेला शब्द पाळावा, हे कंपन्यांचे म्हणणे रास्त आहे. मनमानीने परवाने रद्द करणाऱ्या सत्तेचा पुरस्कार कोणी शहाणा माणूस करणार नाही. परंतु लोकनियुक्त विधिमंडळाने सार्वजनिक हितार्थ, सर्वांना समान लागू होणारा कायदा केला असता त्याची किंमत भावी नफ्याच्या मापाने तिजोरीतून वसूल करावयाची, आणि तापलेल्या ऋतुचक्राने ज्याचे पीक बुडवले त्याला मात्र त्या लवादाच्या दारात उभे राहण्याचाही अधिकार नसावा, ही व्यवस्था न्यायाची नव्हे.

दाभोळच्या वीजप्रकल्पाचे प्रकरण पाहिलेल्या महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. तेथेही अमेरिकन कंपन्यांनी भारत-मॉरिशस गुंतवणूक-संरक्षण कराराचा आधार घेऊन केंद्र सरकारला लवादात खेचले होते. पुढे भारताने 2016 च्या सुमारास आपला करारनमुना बदलला आणि बहुतेक जुने करार संपुष्टात आणले, हे शहाणपणच झाले. युरोपीय संघाशी गुंतवणूक-संरक्षणाच्या ज्या वाटाघाटी 2022 पासून पुन्हा सुरू झाल्या, त्यांतही पर्यावरणविषयक कायदे लवादाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कलम आपण निःसंदिग्ध शब्दांत मागितले पाहिजे. मागाहून बाहेर पडणे सोपे नसते: इटलीने ऊर्जा सनद तह 2016 च्या आरंभीच सोडला, तरी त्यातील 20 वर्षांच्या शेपटीमुळे जुन्या गुंतवणुकीचे संरक्षण 2036 पर्यंत टिकून आहे.