पोवळ्याचे छायाचित्र घ्या, पोवळे नको!



नेवासे तालुक्यातील आपल्या सोनईपासून समुद्र फार दूर. तुमच्यापैकी पुष्कळजण पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकले असतील. सूर मारून खोल गेले की कान दडपतात आणि तळाचा दगड असतो त्याहून जवळ दिसतो. समुद्रात बुडी मारून छायाचित्रे घेण्याचे निम्मे शास्त्र या दोन अनुभवांत आहे.

पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. भोवतालच्या दाबाशी जुळेल अशी हवा श्वासाला पुरविणारे साधन कूस्तो व गान्याँ या फ्रेंच जोडीने १९४३ साली सिद्ध केले. त्यातूनच आजचे स्कूबा डायव्हिंग वाढले. पाण्यातल्या वस्तू प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे सुमारे पाऊण अंतरावर भासतात. शिवाय पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, म्हणून चित्रे निळसर येतात. खरा रंग हवा असेल तर छायाचित्रकाराला अगदी जवळ जाऊन फ्लॅश वापरावा लागतो.

नेमका इथेच घोटाळा होतो. जवळ जाताना गुडघा टेकतो, पायातले रबरी कल्ले लागतात आणि पोवळे मोडते. पोवळे म्हणजे दगड नव्हे. ती चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. गोलाकार गोळ्यासारखी वाढणारी पोवळी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, कधी त्याहूनही कमी वाढतात. वीतभर उंच झालेले पोवळे म्हणजे वीस वर्षांची कमाई. ती एका लाथेत जाते!

आपल्या महाराष्ट्रात अशी पोवळी मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, स्थान मिळाले आहे. मग बुडी मारणेच बंद करावे काय? मला तसे वाटत नाही. त्यावर मालवणातील कित्येक घरांची चूल पेटते, आणि जे कोणी पाहिलेच नाही त्याची काळजी कोण वाहणार?

कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटाने यावर वाट काढली आहे. तेथे १९७९ साली सागरी उद्यान झाले. होड्यांना नांगर टाकण्याची मनाई आहे; त्या कायम बसविलेल्या बोयांना बांधतात. बुडी मारणाऱ्यांना हातमोजे घालता येत नाहीत, कारण उघडा हात आपोआप जपून वावरतो! पर्यटकांकडून घेतलेले शुल्क उद्यानाच्या रक्षणासाठी खर्च होते. हे नियम काही फार खर्चाचे नाहीत. मालवणलाही ते कसोशीने पाळले जावेत, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ‘मी पाण्याखाली’ एवढेच सांगणारे छायाचित्र घरी मिरवायला ठीक. विज्ञानाला त्याचा उपयोग थोडा. त्याच पोवळ्याचे, त्याच बाजूने, दरवर्षी चित्र घ्यावे. सोबत मोजपट्टी व प्रमाणित रंगांची पट्टी असावी. तारीख, जागा व खोली नोंदवावी. पाणी तापले की पोवळी आपल्या अंगातील शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. जगभर पसरलेली अशी चौथी लाट २०२४ साली जाहीर झाली. आपली पोवळी किती फिकटली व किती सावरली, हे ओळीने लावलेल्या अशा चित्रांवरूनच कळेल.

तुमची सहल मालवणला गेली तर होडीवाल्या काकांना आधी विचारा, “काका, नांगर कुठे टाकणार?” हा प्रश्न विचारायला पोहता यावे लागत नाही. आणि तो विचारण्याचा हक्क किनाऱ्यावरच्या मुलांइतकाच सोनईच्या मुलांनाही आहे.