पत्र्याच्या होडीतला संसार

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात थंडी ओसरू लागली की घरोघरच्या गॅरेजमधून ड्रिलचा आवाज यायला लागतो. गाडीची रवानगी अंगणात झालेली असते आणि तिच्या जागी, ट्रेलरवर, चौदा फुटी ॲल्युमिनियमची होडी येऊन बसलेली असते. बूड सपाट, नाळ टोकदार नव्हे तर सरळ आडवी छाटलेली. लांबून पाहिलं तर बेकरीतला नानकटाईचा ट्रे वाटावा. हिला तिकडे ‘जॉन बोट’ म्हणतात. हा जॉन कोण, ते कुणालाच धड सांगता येत नाही.

मूळची ही होडी लाकडी. मिसूरी आणि आर्कान्सा राज्यांच्या सीमेवरच्या ओझार्क डोंगरांत व्हाइट नदीचं पाणी उथळ आणि दगडगोट्यांचं. तिथे वीतभर पाण्यातूनही निघून जाईल असं बूड हवं होतं, म्हणून फळ्या ठोकून ते सपाट केलं गेलं. शहरातले शौकीन या होड्यांत बसून प्रवाहाबरोबर गळ टाकत जायचे. पुढे नदीवर 1951 मध्ये बुल शोल्स आणि 1958 मध्ये टेबल रॉक ही धरणं झाली आणि वाहत्या नदीचे तलाव झाले. त्याआधी दुसरं महायुद्ध संपताना विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने 1945 मध्ये ॲल्युमिनियमच्या कनू, म्हणजे निमुळत्या होड्या, विकायला काढल्या होत्या. लढाऊ विमानांचा पत्रा आणि रिव्हेट अशा रीतीने मासेमारांच्या दारात आले. मिसूरीतलं लेबनॉन हे गाव तर आज स्वतःला ॲल्युमिनियमच्या मासेमारी बोटींची राजधानी म्हणवून घेतं.

नव्या होडीत आडव्या दोन-तीन बाकांशिवाय काही नसतं. तिचं नाव म्हणजे नुसता आकडा. ‘1448’ म्हणजे लांबी 14 फूट, तळाची रुंदी 48 इंच. एवढ्या जागेत माणसाला उभं राहून गळ फेकायला ओटा हवा असतो, फिरती खुर्ची हवी असते, माशांसाठी टाकी, मासे दाखवणारा पडदा, दिवे, हत्यारांचे कप्पे हवे असतात. नव्या बिऱ्हाडात सामान येतं तसंच. आज एक, उद्या एक, आणि महिन्याभराने पाय ठेवायला जागा नाही.

या संसारावर लगाम ठेवणारी एक छोटी पाटी होडीच्या आतच चिकटवलेली असते. वीस फुटांखालच्या अशा बोटींवर ती लावणं अमेरिकेत 1970 च्या दशकापासून सक्तीचं आहे. किती माणसं, सगळं मिळून किती वजन आणि किती अश्वशक्तीचं इंजिन, एवढंच तिच्यावर असतं. हौशी माणूस ती वाचतो आणि विसरतो. खरं तर ड्रिल हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यायला हवी. अर्धा इंची प्लायवूडचा आठ बाय चारचा एक ताव वीसेक किलोंचा भरतो. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी तीस किलोंच्या आसपास. तेवढ्याच क्षमतेची लिथियमची निम्म्याहून कमी वजनाची, पण खिशाला भारी. सगळी बेरीज पाटीवरच्या आकड्यातून वजा केली की कधीकधी दुसऱ्या माणसालाच जागा उरत नाही.

मधला बाक कापून काढायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. पण तो बाक दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना ताणून धरतो आणि त्याच्या पोटात फोम भरलेला असतो. होडी पाण्याने भरली तरी तळाला जाऊ नये, ही त्या फोमची जबाबदारी. बाक काढणाऱ्याने नवा आधार द्यायला हवा आणि फोम ओट्याखाली परत भरायला हवा. ओटाही जितका उंच, तितकी होडी डुलणार. काठाच्या पातळीवर ओटा बांधून त्यावर उभं राहणाऱ्याला पाण्यात पडायला मासा लागत नाही, मित्राने जागा बदलली तरी पुरतं.

जुनी होडी घेतली असेल तर आधी गळती. इथली युक्ती उलटी आहे. होडी ट्रेलरवरच ठेवायची, मागचं बूच घट्ट लावायचं आणि बागेच्या नळीने आत चार बोटं पाणी सोडायचं. मग खाली वाकून, मार्कर घेऊन, कुठून थेंब येतो ते पाहत बसायचं. सैल रिव्हेट सापडला की एकाने एका बाजूला जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पलीकडून हातोडी मारायची. ठोके तांबट आळीला शोभतील असे. तांबं मात्र या होडीच्या जवळपासही फिरकू द्यायचं नाही.

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर ठेवू नये, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. होडीचंही तसंच. हा पत्रा गंजत नाही, पण खाल्ला जातो. ओलसर तळाशी वायरचा तांब्याचा तुकडा पडून राहिला तर त्याखाली हळूहळू खड्डा पडतो. वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडातही तांबंच असतं. 2004 पासून अमेरिकेत घरगुती बांधकामाच्या लाकडातून आर्सेनिकची मिश्रणं बहुतेक हद्दपार झाली आणि तांब्याचं प्रमाण वाढलं. टिकाऊ म्हणून नेमकं तेच लाकूड होडीत घालणारा, वर ओला गालिचा अंथरणारा, काही मोसमांनी पत्र्याला टाचणीएवढी भोकं पाहतो. साधं प्लायवूड चारही कडांनी इपॉक्सीत बुडवून घ्यावं, नाहीतर सरळ ॲल्युमिनियमचाच पत्रा ओट्याला वापरावा. दुसरा मार्ग महाग, पण हलका आणि निर्धास्त.

खर्च करायचाच तर नाळेवरच्या विजेच्या मोटरवर करावा. नॉर्थ डकोटातल्या फार्गोजवळ ओ. जी. श्मिट यांनी 1934 मध्ये ती बनवली आणि मिनेसोटा-डकोटाच्या सीमेवरून कंपनीचं नाव पडलं ‘मिन कोटा’. ती जवळजवळ आवाज न करता होडीला काठाकाठाने नेते. पण पूर्ण वेगात पंचावन्न पौंडी मोटर पन्नासेक अँपिअर ओढते, म्हणजे वायर जाड हवी आणि बॅटरीला लागून ब्रेकर हवाच. माशांच्या टाकीसाठी मात्र जुना प्लास्टिकचा आइसबॉक्स आणि छोटा पंप पुरतो.

एवढं सगळं करून पाण्यात उतरणाऱ्याला एक नाव ठाऊक असतंच. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी मित्राबरोबर घरी ठोकलेल्या लाकडी होडीतून गळ टाकत होता. ना मोटर, ना पडदा. त्याला 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा बास जातीचा मासा लागला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात. पेरीने मासा वजन करून नोंदवला, घरी नेला आणि घरच्यांनी तो खाऊन टाकला.