आधी शिक्षक, मग विमान

अमेरिकेत उडणाऱ्या आपल्या वाचकांपैकी कुणी जुने टेलव्हील विमान घ्यायला निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पायपर कब घेऊ की एरॉन्का चँप? आमच्या मते त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हातात हवीत. आपल्या धावपट्टीच्या आसपास हे विमान शिकवणारा कोण आहे? आणि लाकडी स्पार, कापडी पंख समजणारा मेकॅनिक कोण? १९४६ च्या सुमारास ही विमाने हजारोंनी बनली आणि आजही बाजारात मिळतात. ती नीट शिकवणारी माणसे मात्र विमानांहून दुर्मीळ झाली आहेत. ज्या विमानाचा जाणकार जवळ आहे, तेच विमान घ्यावे.

दोन्ही विमानांचे जाणकार जवळ असतील, तर आमचे मत चँपला आहे. जे-३ कब एकट्याने उडवायचे तर मागच्या सीटवरून उडवावे लागते. जमिनीवर असताना नाक समोर उभे राहते आणि पुढची वाट झाकते. चँपमध्ये एकटा वैमानिक पुढे बसतो, त्याला बरेच जास्त दिसते. शिवाय चँपच्या चाकांचे ओलिओ स्ट्रट लांब दबतात आणि नवख्याचे आपटलेले लँडिंग पुष्कळसे पोटात घालतात. शेजारी-शेजारी बसायचे असेल तर चीफ किंवा टेलरक्राफ्ट पाहावे. सेसना १४० ला स्प्रिंग स्टीलचे पाय आहेत, चुकीच्या लँडिंगला ते विमान उसळवून उत्तर देतात. लस्कम हे देखणे, धातूचे, चपळ विमान. पण जमिनीवर त्याची प्रतिक्रिया फार लवकर येते, तेव्हा ते दुसरे विमान म्हणून घ्यावे. वजनाचा हिशेबही घरीच करून निघावे. ६५ अश्वशक्तीच्या चँपचे कमाल वजन ५५३ किलो. इंधन भरल्यावर दोन धडधाकट माणसांना फारशी जागा उरत नाही, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी तर चढण्याचा वेग पाहून जीव दडपतो.

खरी निवड मॉडेलची नसतेच, समोर उभ्या असलेल्या त्या एका विमानाची असते. चकचकीत रंगावर जाऊ नये. चँप आणि चीफच्या पंखात स्प्रूस लाकडाचे स्पार असतात. कधीकाळी ग्राउंड लूप होऊन पंखाचे टोक जमिनीला लागले असेल, तर लाकडाचे तंतू दबून स्पारला आडवी भेग पडते. ती कापडाखाली वर्षानुवर्षे दडून राहते. अशा स्पारच्या तपासणीसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा आदेशच आहे. तो लॉगबुकमध्ये पाळलेला दिसला तरी आपल्या मेकॅनिकला तपासणीच्या छिद्रांतून दिवा आणि आरसा घालून स्पार पुन्हा पाहायला सांगावे. पायपरच्या लिफ्ट स्ट्रटचा रोग वेगळा: त्यांत पाणी साचते आणि ते आतून गंजतात. त्यावरही आदेश आहे. सीलबंद नवे स्ट्रट बसवलेले असतील तर उत्तम. पंखाची दुरुस्ती लॉगबुकमध्ये असेल तर घाबरू नये. जुन्या विमानाने ऐंशी वर्षांत एकदाही पंख टेकवला नाही, असे सांगणाऱ्या मालकाची मात्र जास्त चौकशी करावी.

ग्राउंड लूपचे कारण रचनेतच आहे. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. हातगाडी ओढत नेली तर मागोमाग सरळ येते, ढकलत नेली तर तिला सतत वळण द्यावे लागते. इथे वजन मागून ढकलत असते. नाक जरा वळले की मागचे वजन ते वळण वाढवते, आणि ठरावीक कोनापलीकडे रडर आणि ब्रेक दोन्ही अपुरे पडतात. म्हणून दुरुस्ती लहान हवी, लवकर हवी आणि दिल्यावर लगेच काढून घेतलेली हवी. नाकाकडे टक लावून वळण कळत नाही. धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत धरल्या की पायांना आपोआप कळते.

टेकऑफला शेपटी उचलताना फिरत्या प्रॉपेलरमुळे नाक डावीकडे ओढले जाते. शेपटी जितकी झटक्यात उचलाल तितकी ओढ मोठी. म्हणून उजवा पाय आधीच तयार ठेवावा. टायगर मॉथचा प्रॉपेलर उलट फिरतो, तिथे हीच ओढ उजवीकडे होते; दोन्ही विमाने उडवणाऱ्याने ही खूणगाठ बांधूनच आत बसावे.

लँडिंगमधला धोक्याचा काळ चाके टेकल्यानंतर सुरू होतो. वेग उतरत जातो, रडरवरचा वारा मंदावतो आणि बाजूच्या वाऱ्याला शेपटी सापडते. नेमक्या याच क्षणी वैमानिक निःश्वास सोडतो आणि पाय सैल करतो. थ्री-पॉइंट लँडिंगनंतर स्टिक पोटाशी, एलेरॉन वाऱ्याकडे आणि पाय जागे, हे विमान पार्किंगला बांधेपर्यंत चालू राहिले पाहिजे. टॅक्सी करताना वारा मागून तिरका आला तर स्टिक पुढे आणि वाऱ्यापासून दूर. समोरून तिरका आला तर मागे आणि वाऱ्याकडे. हे वाचून येत नाही. वाऱ्याच्या दिवशी शेजारी किंवा मागे जाणता माणूस बसवूनच येते. अमेरिकी नियमात टेलव्हीलच्या एंडोर्समेंटला किमान तासांची अट नाही, शिक्षकाची खात्री पटली की सही मिळते. शांत सकाळी मिळालेल्या सहीवर समाधान मानू नका. क्रॉसविंडमध्ये थ्री-पॉइंट आणि व्हील लँडिंग दोन्ही घटवून घ्या, गो-अराउंडही घटवून घ्या, मग सही मागा.

स्टार्टर नसलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर हाताने फिरवण्याचेही तसेच. शेपटी बांधलेली, चाकांना चोक, आत जाणकार माणूस, आणि मॅग्नेटो बंद असला तरी चालू आहे असेच समजून वागणे. ही शिस्त एकदा तरी कुणाच्या हाताखाली शिकलेली हवी.

ही विद्या आपल्याला परकी नाही. कोल्हापूर भागातले विष्णु माधव घाटगे गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून आले आणि बंगळुरूला त्यांनी एचटी-२ चा आराखडा केला. १९५१ मध्ये उडालेले ते प्रशिक्षण विमान टेलव्हीलचेच. १९५८ मध्ये एचएएलचे पुष्पक उडाले, तेही टेलव्हील. ते एरॉन्का चीफच्या वळणाचे: शेजारी-शेजारी दोन जागा, ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन. दीडशेच्या वर पुष्पक बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वैमानिकांची एक पिढी त्यांवर घडली. त्या पिढीतले शिक्षक आज वयाने थकले आहेत. क्रॉसविंडमध्ये विद्यार्थ्याच्या पायांवर ते कसे लक्ष ठेवत, कोणत्या क्षणी कंट्रोल हातात घेत, कोणती चूक मुद्दाम होऊ देत, हे बहुतेक कुठेच लिहिलेले नाही. तुमच्या ओळखीत असे कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून त्यासाठी पाने राखून ठेवत आहोत.