व्हिन्सेंटची तांबडी दाढी

प्लास्टरचा न रंगवलेला अर्धपुतळा घरी आणून तो हौसेनं रंगवायचा छंद हल्ली पुष्कळजणींना लागलेला दिसतो. त्यात चित्रकार व्हॅन गॉगचा पुतळा फार आवडता. एका मैत्रिणीनं विचारलंय, "चेहऱ्याला नेमका कोणता रंग द्यायचा? आणि घरातली मंडळी म्हणतात, कान कापून घेणाऱ्या वेड्याचा पुतळा दिवाणखान्यात हवा कशाला?" आधी रंगाचं सांगते, मग त्या वेड्याचं.

प्लास्टर पाणी पिणारं असतं. तसाच रंग लावलात तर डाग डाग दिसतील. म्हणून बारीक पॉलिशपेपरनं कडा हलक्या हातानं घासून घ्या, कोरड्या ब्रशनं धूळ झटका आणि एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी असं मिश्रण सगळीकडे लावून रात्रभर वाळू द्या. मग पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक पातळ हात. पोस्टर कलर स्वस्त पडतात खरे, पण ओला हात लागला की सुटतात; लहान मुलांच्या घरात त्यांचा उपयोग नाही.

आता चेहरा. मुलांच्या खडूंच्या पेटीत 'स्किन कलर' म्हणून एक गुलाबीसर खडू असतो ना? माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत, त्या रंगाचं एकही नाही! गोऱ्या माणसाचाही चेहरा तसा नसतो. पिवळा ऑकर आणि पांढरा एकत्र करा, त्यात शेंदरी अगदी सुईच्या टोकाएवढा घाला. कपाळाला हा रंग जरा पिवळसर ठेवा, नाक, गाल आणि कानाच्या पाळीला तांबूस. सावलीसाठी काळा मात्र मुळीच घालू नका, चेहरा आजारी दिसतो. डोळ्यांच्या खोबणीत, गालाच्या खळग्यात, हनुवटीखाली किंचित हिरवा मिसळून पाहा. हिरवा कसा, म्हणाल. पण खुद्द व्हॅन गॉग तसंच करी. त्यानं स्वतःची पस्तीसेक चित्रं काढली, बहुतेक पॅरिसमध्ये, 1886 ते 1888 या काळात. समोर बसणाऱ्या माणसाला द्यायला पैसे नसत, आरसा मात्र फुकट होता.

आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, त्यातल्या एका चित्राचे रंग त्यानं 1888 साली धाकट्या बहिणीला पत्रातून कळवले होते. करडा-गुलाबी चेहरा, हिरवे डोळे, राखी केस, कपाळाला आठ्या, दाढी खूप तांबडी, अंगात जाड्याभरड्या कापडाचा निळा सदरा. पाककृतीच म्हणा ना! केस आणि दाढी एकाच रंगात बुडवू नका, एवढं तरी त्यातून घ्याच.

दाढीला आधी पातळ तपकिरी रंग द्या, तो खाचांत उतरू द्या. वाळल्यावर ब्रशला शेंदरी-पिवळा घेऊन तो चिंधीवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि उंचवट्यांवरून अलगद फिरवा. केस न् केस उठून येतो. कोट निळा का, तेही पाहा. केशरी पातळाला निळे काठ असले की दोन्ही रंग एकमेकांना उजळतात. व्हॅन गॉग निळ्या-केशरीची ही जोडी जाणूनबुजून वापरी. डोळ्यांच्या बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली जाऊ द्या. पूर्ण गोल काढलात तर बिचारा दचकल्यासारखा दिसेल.

आता कान. 1888 च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या आर्ल गावी झटक्याच्या भरात त्यानं स्वतःचा डावा कान कापला. पुढच्या जानेवारीत पट्टी बांधलेलं स्वतःचं चित्र काढलं, पण आरशात पाहून. त्यामुळे त्यात पट्टी उजव्या कानावर दिसते. चित्र पाहून केलेल्या पुतळ्यात पट्टी उजवीकडेच असेल, तर ती चूक इथून आलेली. मला विचाराल तर पट्टीचा पुतळा घेऊच नका. आजारपण हे काही माणसाचं नाव नव्हे. 1889 च्या सप्टेंबरात सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना त्यानं फिक्या निळ्या-हिरव्या रंगात जे आपलं चित्र काढलं, त्यातली नजर किती थेट आणि सावध आहे! ते चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, छापील प्रत सहज मिळते. रंगवताना तीच समोर ठेवा.

घरच्या मंडळींना आणखी एक सांगा. 1890 च्या जुलैत तो गेला. त्याला पोसणारा भाऊ थिओ सहा महिन्यांत, 1891 च्या जानेवारीत गेला. मागं राहिली थिओची बायको योहाना, अठ्ठावीस वर्षांची, कडेवर वर्षाचं मूल आणि घरात दिराची शेकडो चित्रं, ज्यांना गिऱ्हाईक नव्हतं. लग्नाआधी ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं हॉलंडमधल्या बुसुम गावी भाडेकरू ठेवून खाणावळीसारखं घर चालवलं, भाषांतरं केली, भिंतींवर ती चित्रं टांगली, प्रदर्शनांसाठी पत्रामागून पत्रं लिहिली. दिरानं नवऱ्याला लिहिलेली पत्रं जुळवून 1914 मध्ये तिनं छापून आणली. 1924 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला सूर्यफुलांचं चित्र दिलं, तेही विकत, फुकट नव्हे. कपबशा विसळता विसळता हे सगळं केलेल्या बाईचा अर्धपुतळा मात्र दुकानात कुठं दिसत नाही. मिळाला तर मी आधी तो घेईन.

रंग पुरते वाळायला दोन दिवस द्या. मग चमक नसलेल्या वॉर्निशचा एकच पातळ हात. चकचकीत वॉर्निशनं कपाळ तेल लावल्यासारखं दिसतं. उन्हात किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून पुतळा ठेवू नका, प्लास्टर ओल धरतं. धूळ काढायची ती कोरड्या मऊ ब्रशनं. ओलं फडकं नको, आणि सणाआधी घर धुवायला काढाल तेव्हा बाईंना हे आधी सांगून ठेवा.