काचेसारखं अंडं काय सांगतं?



परवा मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातला एक पठ्ठ्या नवी कोरी पाण्याची बाटली मिरवत आला. म्हणाला, "बाई, ह्यावर 'बीपीए-फ्री' लिवलंय. आता कशाला भ्यायचं?"

मी म्हटलं, "छान आहे बाटली. पण उत्तर मी नाही देत. एका माशाला विचारू या!"

सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात ना? मग ऐका.

रंगीत माशांच्या दुकानात झेब्राफिश पाहिलाय का? जेमतेम चार सेंटिमीटरचा मासा. अंगावर निळे पट्टे, पण झेब्र्यासारखे उभे नाहीत. डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे. हा परदेशी पाहुणा नाही बरं का! तो मूळचा आपल्या भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर या शास्त्रज्ञांनी त्याला प्रयोगशाळेत नेलं आणि आज जगभर त्याच्यावर संशोधन होतं. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतसुद्धा!

एवढं काय आहे या माशात? गंमत त्याच्या अंड्यात आहे. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पण काचेसारखं पारदर्शक. आईच्या पोटाबाहेर, पाण्यातच वाढणारं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की आतलं सगळं दिसतं. साधारण एका दिवसात हृदय धडधडू लागतं, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पाचव्या दिवशी चक्क पोहत खाऊ शोधतं! शिवाय २०१३ मध्ये कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना जोडीदार जनुकं या माशात आहेत. म्हणून एखादं रसायन घातक आहे का, हे पाहायला त्याची अंडी त्या पाण्यात ठेवतात आणि वाढ नीट होते का, हृदय चालतं का, ते बघतात.

आता बाटलीकडे येऊ. बीपीए म्हणजे बिस्फिनॉल-ए. पॉलिकार्बोनेट नावाचं कडक, पारदर्शक प्लास्टिक बनवायला ते लागतं. ते थोडं थोडं पाण्यात, अन्नात उतरतं, आणि गरम केलं की जास्त उतरतं. शरीरात गेल्यावर ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतं. संप्रेरक म्हणजे शरीराच्या वाढीला निरोप देणारा पोस्टमन. खोटा पोस्टमन खोटी पत्रं वाटू लागला, तर घोळ होणारच! म्हणून युरोपात २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीएला बंदी आली. आपल्या भारतीय मानकांनीही २०१५ मध्ये अशा बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट नाकारलं.

मग कारखान्यांनी काय केलं? काही ठिकाणी बीपीएच्या जागी त्याचंच भावंडं आणलं, बीपीएस. दुकानातल्या गुळगुळीत बिलाच्या कागदावरही ते वापरलं जातं. नाव बदललं, पण गुण?

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हेच झेब्राफिशच्या अंड्यांना विचारलं. तिथल्या एका नदीच्या पाण्यात सापडतं तितकंच, म्हणजे अगदी नाममात्र, रसायन त्यांनी वापरलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या एका भागात चेतापेशी वेळेआधीच भराभर तयार झाल्या होत्या. बीपीएमुळे ही वाढ १८० टक्के, तर बीपीएसमुळे २४० टक्के! पुढे ही पिल्लं नको इतकी चुळबुळी झाली. म्हणजे धाकटा थोरल्यापेक्षा काही कमी नव्हता.

मासा म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. माशाला झालं ते आपल्याला तस्संच होईल असं नाही. पण आगीआधी धूर दिसावा, तसा हा इशारा आहे. आणि त्या बाटलीत बीपीएस आहे, असंही मी म्हणत नाही. 'काय नाही' ते लेबलावर मोठ्या अक्षरांत लिहितात. 'त्याऐवजी काय घातलं' ते मात्र आपणच विचारायचं असतं.

एवढं सांगून झालं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्यात तांबडा रस्सा प्लास्टिकच्या पिशवीतनं आणत्यात!" त्या पातळ पिशवीत बीपीए नसतं, ती पॉलिथीनची असते. पण प्लास्टिकमध्ये इतरही रसायनं मिसळलेली असतात, आणि उकळता रस्सा, वर तेलाचा तवंग म्हणजे ती बाहेर यायला आमंत्रणच! मी स्वतः परवापर्यंत तसाच रस्सा आणत होते. आता स्टीलचा डबा घेऊन जाते.

करून पाहा : घरातल्या प्लास्टिकच्या डब्या-बाटल्या उलट्या करून त्रिकोणातला आकडा वहीत लिहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे 'इतर'. पॉलिकार्बोनेट याच गटात येतं. ७ असेल तर त्यात गरम काही घालू नका. आणि आई-बाबा, ही वही तुम्हीही एकदा चाळा बरं!

आपल्या पंचगंगेतही मासे आहेत. आपण टाकलेलं प्लास्टिक शेवटी त्यांच्याच घरात जातं. त्यांना लेबल वाचता येत नाही. तुम्हाला येतं ना?

तुमच्या बाई