हिशेबात न धरलेली भीती

वाईच्या गणपती घाटावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींत रक्तदाब, साखर, गुडघे यांची चर्चा मोकळेपणाने चालते. मनाचा विषय निघाला की मात्र सारे कृष्णेकडे पाहू लागतात. मीही त्यांतलाच.

शाखाधिकारी असताना एका मार्चअखेरीस, ताळेबंद जुळलेला असूनही, छाती धडधडू लागली, घाम सुटला. हृदयविकारच, अशी माझी खात्री झाली. ईसीजी निर्दोष निघाला. डॉक्टरांनी चिंताविकाराचे निदान करून मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. घरी मी ‘पित्त झाले होते’ एवढेच सांगितले. दोन वर्षे ती चिठ्ठी पाकिटात राहिली आणि तो प्रसंग पुनःपुन्हा येत राहिला. अखेर सौभाग्यवतींच्या हाती ती लागली व त्याच मला साताऱ्यास घेऊन गेल्या. संकट नसतानाही शरीर संकटाची घंटा वाजवते, हे तेथे उमगले. औषध आणि समुपदेशन यांनी हळूहळू उतार पडला.

पेढीवरच्या पुरुषाची अडचण मी जाणतो. बाजारात कुजबुज झाली तर माल उधारीवर कोण देईल, मुलीचे स्थळ कसे जमेल? ही धास्ती निराधार नाही. परंतु संवत्सरीला दोष उच्चारणारे आपण भीती का उच्चारत नाही? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही हा आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य मिळते. मराठीतही बोलता येते.

परवा घाटावर हे सारे सांगितले. एक व्यापारी स्नेही काहीच बोलले नाहीत. निघताना मात्र त्यांनी तो क्रमांक पुन्हा विचारला.