नॅकची श्रेणी पाहून पाली शिकता येत नाही

माननीय संपादक,


आपल्या ‘प्रवेश विशेष’ पुरवणीत नीट, जेईई, सीईटी, अगदी हॉटेल मॅनेजमेंटलाही पान मिळालं. संस्कृत, पाली, प्राकृत, फारसी यांना मिळून चार ओळी, आणि त्यांत सल्ला एकच: नॅकची श्रेणी पाहून महाविद्यालय निवडा. या विषयांपुरता तरी हा सल्ला चुकीचा आहे.

नॅक श्रेणी देते ती अख्ख्या महाविद्यालयाला, त्यातल्या पाली विभागाला नव्हे. उत्तम श्रेणीच्या कॉलेजातही संस्कृतला एकच प्राध्यापक असू शकतो. तो निवृत्त झाला की जागा रिकामी, आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे. त्या बिचाऱ्याला तासाप्रमाणे पैसे, तेही कधी हातात पडतील याचा नेम नाही. पुढच्या वर्षी तो असेलच असंही नाही. भाषा तर एकाच गुरूजवळ तीन-चार वर्षं बसून मुरते. म्हणून पालकांनी आधी विचारावं, पूर्णवेळ शिक्षक आहे का आणि त्याच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत? मग हे पाहावं, की वर्गात मूळ ग्रंथ उघडतो की गाइड. जमलं तर एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसून यावं. बारावीला संस्कृतात नव्वदीपार गेलेली मुलं पुस्तकाबाहेरचा साधा श्लोक पाहून गप्प होतात, ती गाइडांचीच कृपा.

‘मग पुण्यालाच पाठवा’, असं इथे संभाजीनगरात, क्रांती चौकात कोणीही सांगेल. डेक्कन कॉलेज, भांडारकर संस्था यांची ग्रंथालयं आपल्याकडे नाहीत, मान्य. संशोधनाला खुशाल जावं. पदवीसाठी मात्र आधी गावात चौकशी करावी. विद्यापीठात पाली आणि संस्कृत, दोन्ही विभाग आहेत. शाळेत संस्कृत नाकारलं गेल्यामुळे फारसी घ्यावी लागलेल्या बाबासाहेबांनी 1950 साली इथे काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. ते ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथातल्या राजाचं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा संस्कृत लेख आहे, दहाव्यात त्याहून जुना प्राकृत. सातवाहनांचं पैठण जवळच. एवढं साहित्य दाराशी असताना तिथे सहल काढून सेल्फी घेणारं कॉलेज निवडायचं, की तिथे अक्षर लावायला शिकवणारं?

पोटापाण्याची शंका रास्त आहे, जागा थोड्याच. पण पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्याच नागपुरात आहे, हे किती समुपदेशक सांगतात?

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पहिल्या पानावर आनंद साजरा केलात. आता पुढच्या पुरवणीत जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाची एक यादी द्या: या भाषांचे मंजूर पूर्णवेळ शिक्षक किती, आणि प्रत्यक्षात भरलेल्या जागा किती. श्रेणी छापली नाहीत तरी चालेल.

एक पालक,
क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर